अंबरनाथ ते तिरुवनंतपुरम, ३७७ दिवस: ७० टनांच्या त्या ऑटोक्लेव्हला एवढा वेळ का लागला

जुलै २०२० ची ती बातमी आठवतेय का बघा. १९ तारीख, रविवार. सगळे घरात अडकलेले, आणि प्रत्येक ग्रुपवर एकच फोटो फिरत होता, रस्ताभर पसरलेला एक अवाढव्य ट्रेलर, आणि खाली लिहिलेलं की महाराष्ट्रातून निघालेला ट्रक एक वर्षाने केरळात पोचला. ८ जुलै २०१९ ला अंबरनाथहून निघाला, १९ जुलै २०२० ला तिरुवनंतपुरमला लागला. अंतर साधारण १७०० किलोमीटर. साधा ट्रक हे अंतर तीन-चार दिवसात काढतो. मग लोकांनी लगेच हिशोब मांडले, मंगळयान ३२३ दिवसात मंगळावर पोचलं आणि त्याच इस्रोचं मशीन देशातल्या देशात ३७७ दिवस रस्त्यावर, वगैरे वगैरे. खूप जणांनी हसून पुढे पाठवलं.

मला ते वाचून वाईट वाटलं होतं, खरंच सांगतो. मी या ओडीसीच्या लाइनमध्ये २३ वर्षं काढली, आधी क्लीनर म्हणून, मग रूट सर्व्हेला (म्हणजे गाडी निघायच्या आधी वाटेतले पूल, तारा, वळणं मोजून येणं), आणि आता सुपरवायझर म्हणून. ओडीसी म्हणजे मापाबाहेरचा माल, नेहमीच्या गाडीत न मावणारा. या गाडीवर मी नव्हतो, माझ्या ओळखीचंही कोणी नव्हतं, पण त्या ३७७ दिवसांचा अर्थ काय ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही बघितल्या बघितल्या कळतं. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडायचा प्रयत्न करतोय. माझं म्हणणं एकच आहे, की त्या गाडीला वजनाने अडवलं नाही, तिला मापाने अडवलं, आणि माप अडलं की मग रस्त्यावरची प्रत्येक तार, प्रत्येक झाड आणि प्रत्येक ऑफिस तुमच्या प्रवासाचा भाग होतं.

माल काय होता

ऑटोक्लेव्ह म्हटलं की हॉस्पिटलमधलं इंजेक्शन-सुया निर्जंतुक करायचं भांडं आठवतं, तत्त्व तेच आहे, म्हणजे बंद भांडं, आत उष्णता आणि दाब, घरातल्या कुकरसारखं. फक्त हा ऑटोक्लेव्ह आडवा होता आणि वजन ७० टन. तो चालला होता इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राच्या, तिरुवनंतपुरममधल्या वट्टियूरकाव इथल्या आवारात, जिथे कार्बन फायबरसारख्या कॉम्पोझिट मटेरियलचं काम चालतं. रॉकेटमधले मोठे पण हलके भाग करायचे तर कार्बन फायबरच्या कापडाचे रेझिन (चिकट राळ) लावलेले थर साच्यावर एकावर एक चढवतात, वरून पिशवी लावून हवा खेचून घेतात आणि मग तो अख्खा साचा ऑटोक्लेव्हमध्ये ढकलून गरम हवेत दाबाखाली तासन्‌तास ठेवतात, म्हणजे थरांमधली हवा निघून जाते आणि सगळं मिळून एक घट्ट तुकडा होतो. जेवढा भाग मोठा तेवढा ऑटोक्लेव्ह मोठा, यात दुसरी वाट नाही.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की एवढं मोठं होतं तर तुकडे करून का नाही नेलं. अहो, हे दाबाचं भांडं आहे. जाड पत्रा वाकवून, वेल्डिंग करून, प्रत्येक शिवण एक्स-रेने तपासून, पाणी भरून दाब देऊन पास करतात तेव्हा कुठे कारखान्याच्या गेटबाहेर पडतं. ते कापून तिकडे जाऊन परत जोडायचं म्हणजे अर्धा कारखाना तिकडे उभा करायचा आणि परत सगळ्या टेस्ट पहिल्यापासून. आमच्या भाषेत याला अविभाज्य लोड म्हणतात, आणि कायदाही अशाच लोडला मापाबाहेर जायची परवानगी देतो. दहा पेट्या एकत्र बांधून मोठं लोड केलं तर ती परवानगी मिळत नाही.

मापं बघा, म्हणजे सगळं कळेल

रुंदी ६.६५ मीटर. उंची ७.५ मीटर. हे दोन आकडे लक्षात ठेवा, बाकी सगळं यातून निघतं.

आपल्याकडे दोन पदरी रस्ता असतो ७ मीटरचा. चौपदरी हायवेची एक बाजू पण तेवढीच, ३.५ चे दोन लेन, बाजूला थोडी साइडपट्टी. म्हणजे ७ मीटरच्या रस्त्यावर ६.६५ मीटरचा माल, दोन्ही बाजूंना मिळून राहिला ३५ सेंटिमीटर, एका बाजूला वीतभर सुद्धा नाही. समोरून मोटरसायकल येऊ शकत नाही, मागून ॲम्ब्युलन्स पुढे जाऊ शकत नाही. साध्या गाडीला कायद्याने रुंदी असते २.६ मीटर, हा माल अडीच गाड्या शेजारी-शेजारी उभ्या केल्यासारखा. त्यामुळे गाडी हलवायची म्हणजे ती बाजू पूर्ण बंद करायची, आणि ती बंद करायला पोलीस पाहिजेत, आणि पोलीस मोकळे असतील त्या वेळेलाच गाडी हलणार. एका तालुक्यात मोर्चा असला, दुसरीकडे जत्रा असली, कुठे मंत्री येणार असले की त्या दिवशी तुमची गाडी बाजूला उभी.

उंचीचं त्याहून वाईट. हायवेवरच्या पुलाखालून जायला साधारण साडेपाच मीटर मोकळं असतं. म्हणजे वरून जाणारा प्रत्येक फ्लायओव्हर, प्रत्येक पादचारी पूल, प्रत्येक निळ्या पाटीची कमान या मालाला बंद. अशा ठिकाणी खालून जायचंच नाही, बाजूच्या सर्व्हिस रोडने वर चढायचं, आडवा रस्ता ओलांडायचा, पलीकडे उतरायचं, आणि सर्व्हिस रोड नसेल तर शेतातून मुरूम टाकून, रोलर फिरवून स्वतःचा रस्ता करायचा. शेतकऱ्याला पैसे द्यायचे, त्याचं पीक उभं असेल तर कापणी होईपर्यंत थांबायचं किंवा पिकाची किंमत मोजायची. टोलनाका हा तर वेगळाच विषय, कडेची रुंद लेन असते ती साधारण साडेचार मीटरची, वर छप्पर, आपलं लोड ६.६५ चं. मग टोलनाक्याला वळसा घालायचा किंवा कडेचं काहीतरी काढून परत बसवून द्यायचं.

आणि तारा. रस्त्यावरून आडव्या जाणाऱ्या लाइनला नियमाने जमिनीपासून उंची लागते, घरगुती लाइनला ५.८ मीटर आणि ११ केव्हीला ६.१ मीटर. लोड साडेसात मीटर. म्हणजे नियमात बसवलेली तार असली तरी ती आडवीच येणार. तेव्हा प्रत्येक ठिकाणी वीज मंडळाला अर्ज, पैसे भरा, तारीख घ्या, लाइनमन येणार, सप्लाय बंद करणार, तार उचलणार किंवा सोडणार, गाडी खालून पास, तार परत बांधणार, सप्लाय चालू. एका गावात अशा सात-आठ तारा सहज निघतात. १७०० किलोमीटरमध्ये किती निघतील तुम्हीच बघा. तो लाइनमन तुमच्यासाठी बसलेला नसतो, पाऊस पडला, कुठे डीपी जळाली, की तो तिकडे गेला.

एक गोष्ट सांगतो जी नवीन पोरांना पुस्तकात सापडत नाही. तार उन्हाळ्यात खाली येते. धातू तापला की लांबतो, तार झोळ खाते. मी एकदा जानेवारीत सकाळी सर्व्हे केला होता, पोल लावून स्वतः मोजलेली तार, आमचं लोड खालून आरामात जात होतं. गाडी तिथे पोचली मे महिन्यात दुपारी दोन वाजता, आणि बांबूवाला, म्हणजे लोडवर बसून बांबूने तारा सांभाळणारा माणूस, ओरडायला लागला. माझंच माप, माझाच पोल, आणि तार हातभर खाली. रात्री दोनपर्यंत थांबलो, तार गार झाली, थोडी वर गेली, मग पास केली. तेव्हापासून मी मोजलेल्या मापाच्या शेजारी तारीख आणि वेळ लिहितो.

वजनाचं काय मग

७० टन ऐकायला भीतीदायक वाटतं पण आमच्या लाइनमध्ये ७० टन हा मधला आकडा आहे, पॉवर हाऊसचे ट्रान्सफॉर्मर दोनशे-अडीचशे टनाचे नेतात. या गाडीचं वर्णन ७४ चाकी असं आलं होतं, पुढे व्होल्वो एफएम. माझ्या हिशोबाने हे असं बसतं: पुलरची १० चाकं (आपल्याकडे घोडा म्हणतात तो), आणि मागे हायड्रॉलिक ट्रेलरच्या ८ एक्सल लाइन (चाकांच्या आडव्या रांगा), एका लाइनला ८ टायर, झाले ६४. एकूण ७४.

आता एका लाइनचं स्वतःचं वजन साडेतीन-चार टन धरा, म्हणजे ट्रेलर तीस टन, माल सत्तर, झाले शंभर टन ६४ टायरवर. एका टायरवर दीड टनाच्या जरा वर. आणि रोज आपल्या समोरून पळणारा वाळूचा किंवा सिमेंटचा ट्रक, त्याच्या मागच्या चार टायरच्या एक्सलला २०१८ पासून ११.५ टन परवानगी आहे, म्हणजे टायरला जवळजवळ २.९ टन. तर रस्त्याच्या दृष्टीने हा राक्षस साध्या ट्रकच्या निम्म्या जोराने पाय टाकत होता. लोकांना वाटतं अशा गाड्या रस्ते फोडतात, ते तसं नाहीये.

हायड्रॉलिक एक्सल हा प्रकार ज्याने जवळून बघितला नाही त्याला सांगतो, प्रत्येक एक्सल तेलाच्या सिलिंडरवर उभा असतो आणि सगळे सिलिंडर पाइपने जोडलेले असतात. एक चाक खड्ड्यात गेलं की तेल तिकडे सरकतं आणि ते चाक खाली उतरून जमिनीला टेकतं, भार सगळ्यांवर सारखा राहतो. रस्ता एका बाजूला कलला तर ऑपरेटर व्हॉल्व्ह फिरवून ट्रेलर सपाट ठेवतो. आणि सगळे एक्सल वळतात, म्हणून एवढी लांब गाडी गावातल्या कोपऱ्यावर वळू शकते. ही ट्रेलर टेक्नॉलॉजी मुख्यतः जर्मनी-फ्रान्सकडून आली, गोल्डहोफर, शॉयर्ले, निकोलस ही नावं आमच्याकडे क्लीनरच्या पण तोंडात असतात. आणि ओढायला आधी आपल्याकडे टाटा-लेलँडचेच घोडे, चढ आला की दोन-दोन जोडायचे, एक पुढून ओढणार एक मागून ढकलणार, क्लच प्लेटचा वास मैलभर. १९९८ ला व्होल्वोने बेंगळुरूजवळ होस्कोटेला कारखाना काढला, त्यानंतर हळूहळू चित्र बदललं. माझ्या डोळ्यांदेखत बदललं. ओढायची ताकद वाढली, ब्रेक भरवशाचे झाले, उतारावर उटी (चाकाखाली घालायचा लाकडी अडसर) घेऊन चाकाबरोबर पळणारी पोरं कमी झाली. त्या पोरांमध्ये मी होतो.

म्हणजे मशीन सुधारली. पुल, तारा, परवानग्या मात्र त्याच वेगाने सुधारल्या नाहीत, आणि या केसमध्ये ते सगळं एकदम दिसतं.

पुलाचं वजनाशी नातं आहे ते मात्र सोडून चालणार नाही. आपले हायवेचे पूल ७०आर नावाच्या लोडिंगवर डिझाइन करतात, चाकांच्या गाडीला त्यात १०० टन धरलेले असतात. आपली गाडी माल आणि ट्रेलर मिळूनच शंभरला पोचली, घोड्याचं वजन वर. म्हणजे काठावर. म्हणून पूल ओलांडायचे नियम असतात: दुसरी एकही गाडी पुलावर नको, आपली गाडी बरोबर मधून, चालत्या माणसाच्या वेगाने, मध्येच ब्रेक मारायचा नाही, गिअर बदलायचा नाही. पुलावर अशा गाडीने ब्रेक मारला तर सगळा धक्का खांबावर जातो. जुन्या पुलांचं डिझाइन काय होतं ते कुणाकडे कागद नसतो. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल रात्री वाहून गेला, त्यानंतर जुन्या पुलाबद्दल कुठलाही इंजिनिअर सही करताना दहा वेळा विचार करतो, आणि त्याने तो केलाच पाहिजे. या प्रवासात काही ठिकाणी पूल मजबूत करावे लागले, रस्ते दुरुस्त करावे लागले, झाडं तोडली, खांब काढले, असं गाडीवरच्याच लोकांनी सांगितलं होतं.

३७७ दिवस म्हणजे चाकं किती वेळ फिरली

हा हिशोब मी कागदावर केला आणि मलाच धक्का बसला. १७०० किलोमीटर भागिले ३७७ दिवस, रोजचे साडेचार किलोमीटर. बातमीत पण रोजचे पाचेक किलोमीटर असंच आलं होतं. ऐकणाऱ्याला वाटतं गाडी गोगलगायीसारखी दिवसभर सरपटत होती. तसं नसतं. अशी गाडी मोकळ्या रस्त्यावर तासाला पाच किलोमीटरने तर आरामात जाते, जास्त पण जाते. पाचनेच धरा. १७०० भागिले ५, झाले ३४० तास. ३४० तास ३७७ दिवसांवर वाटा, रोजची ५४ मिनिटं.

म्हणजे वर्षभर रोज सरासरी एक तास सुद्धा चाकं फिरली नाहीत. राहिलेले तेवीस तास गाडी उभी होती, आणि उभ्या गाडीसमोर माणसं काम करत होती, मोजत होती, खणत होती, अर्ज घेऊन ऑफिसात बसली होती. म्हणून कुणी विचारलं की जास्त ताकदीचा घोडा लावला असता तर लवकर पोचली असती का, तर उत्तर नाही. दुप्पट वेगाने चालवली असती तरी फार तर आठवडाभर वाचला असता.

परवानगीचं असं आहे की नॅशनल हायवेसाठी केंद्राची एक पद्धत आहे, ऑनलाइन अर्ज होतो. पण गाडी फक्त नॅशनल हायवेने जात नाही. जिथे हायवेचा पूल आडवा येतो तिथे तुम्ही स्टेट हायवेवर उतरता, तिथे त्या राज्याचा पीडब्ल्यूडी, मग जिल्हा रस्ता, मग नगरपालिका, रेल्वे क्रॉसिंग आलं की रेल्वे. रेल्वेचं क्रॉसिंग हे सगळ्यात अवघड, वर २५ हजार व्होल्टची तार, तिला हात लावायचा म्हणजे ब्लॉक पाहिजे, गाड्या थांबवायच्या, आणि तो ब्लॉक रात्री दोन-अडीच तासाचा मिळतो, त्यात तुमचा घोडा बंद पडला तर पुढची तारीख कधी ते देव जाणे. आणि राज्य बदललं की सगळं पहिल्यापासून, नवी भाषा, नवं वीज मंडळ, नवी पोलीस ठाणी. या गाडीने वाटेत चार राज्यं बघितली.

माझ्या मते खरी चूक सिस्टिमची इथे आहे. अशा राष्ट्रीय कामाच्या मालाला एक परवाना, एक समन्वय अधिकारी, आणि त्याच्या सहीने सगळ्या खात्यांनी हलायचं, असं असतं तर माझा अंदाज आहे की निम्म्या वेळात झालं असतं. दरवेळी सुपरवायझर फाइल हातात घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर, आणि तो माणूस तिथली भाषा न बोलणारा.

अजून एक. सर्व्हे शिळा होतो. तुम्ही निघताना जो रूट सर्व्हे केला तो सहा महिन्यांनी अर्धा खोटा झालेला असतो, कारण मधल्या काळात कुठे नवा उड्डाणपूल चढला, कुठे केबलवाल्याने तार टाकली, कुठे गावाने कमान बांधली. लोड जितकं हळू तितका सर्व्हे जास्त शिळा, सर्व्हे जितका शिळा तितकं लोड अजून हळू. हे चक्र आहे आणि एकदा त्यात अडकलं की बाहेर पडणं फार अवघड.

पाऊस आणि मग लॉकडाऊन

८ जुलै. अंबरनाथहून, भर पावसात. डिलिव्हरीची तारीख कारखान्यातून ठरते, ढगांना विचारून नाही ठरत हे मला माहितीये, पण तो मोसम आठवा. त्याच ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, पुणे-बेंगळुरू हायवे कित्येक दिवस पाण्याखाली. अशा दिवसात साइडपट्टी मऊ होते, आणि सात मीटरच्या रस्त्यावर ६.६५ चं लोड घेऊन चालताना एक चाक जरी मऊ मातीत उतरलं तरी लोड कलतं. टाकलेला मुरूम वाहून जातो. अशा वेळी शहाणा सुपरवायझर गाडी कडक जमिनीवर उभी करतो आणि थांबतो. बाहेरचे म्हणतात उशीर झाला. आम्ही म्हणतो माल वाचला.

नंतर २५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन. गाडी तेव्हा आंध्रात होती आणि तिथेच अडकून पडली. इथे कुणालाही वाटेल की लॉकडाऊन म्हणजे रस्ते रिकामे, ओडीसीला तर चांगलंच. मोकळा रस्ता पाहिजे हे खरंय, पण रस्त्याबरोबर पोलीस पाहिजेत, लाइनमन पाहिजे, मजूर पाहिजेत, सही करणारं ऑफिस उघडं पाहिजे, गावाने बाहेरच्या तीस माणसांना आत येऊ दिलं पाहिजे. त्या दिवसांत गावांनी काट्या टाकून रस्ते बंद केले होते. त्याच एप्रिलमध्ये आपल्याकडे बोरघाटातला अमृतांजन पूल रिकाम्या रस्त्याचा फायदा घेऊन पाडला, ते एका जागेवरचं काम होतं म्हणून जमलं. आमचं काम रोज जागा बदलतं. शेवटी गाडी तिरुवनंतपुरमला पोचली तेव्हा तिथे ६ जुलैपासून कडक, तिहेरी लॉकडाऊन लावलेला होता, आणि मला वाटतं तो एकच टप्पा असेल जिथे शहरातून जाताना समोर गर्दी नव्हती.

गाडीवर ३२ माणसं होती. यात ड्रायव्हर, एक्सल ऑपरेटर, मेकॅनिक, इंजिनिअर, बांबूवाले, हेल्पर असे सगळे. बातमीत यांचं एक वाक्य आलं आणि संपलं. ३२ माणसं म्हणजे ३२ घरं. मी सांगतो कसं असतं ते, ट्रेलरच्या बाजूला ताडपत्री बांधून झोपायचं, पाण्याचा एक ड्रम, स्वयंपाकाला एक जण नेमलेला, आणि एका जागी महिना झाला की त्या गावातली कुत्री सुद्धा ओळखायला लागतात. माझं सगळ्यात लांब लोड सात महिन्यांचं होतं, त्यात माझी मुलगी चालायला शिकली, मला फोनवर कळलं. यांचं एक वर्ष, आणि शेवटचे चार महिने घरी काय चाललंय, कोण आजारी आहे याची काळजी करत. निघून जायचं म्हटलं तरी जाता येत नाही, कारण ७० टनाचं मशीन रस्त्यात सोडून कोणी जात नाही. आणि कुणी सोडून गेलं नाही, म्हणून ते पोचलं.

समुद्राने का नाही

हा प्रश्न मला पण बराच काळ छळत होता, कारण मुंबई पण समुद्रावर आणि तिरुवनंतपुरम पण समुद्रावर. मोठाले रिॲक्टर बनवणारे कारखाने हजिऱ्यासारख्या ठिकाणी समुद्राला चिकटून असतात ते याचसाठी. पण अंबरनाथ ते बंदर हाच एक प्रवास आहे, ठाणे-मुंबईच्या तारा आणि पुलांमधून साडेसात मीटर उंच माल न्यायचा. आणि पलीकडे २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमजवळ मोठं बंदर चालू नव्हतं. विळिंजमला पहिलं मोठं कंटेनर जहाज लागलं ते जुलै २०२४ मध्ये. कोची किंवा तुतिकोरिनला उतरवायचं म्हणजे परत शे-दीडशे किलोमीटरहून जास्त रस्ता, त्याच तारा, त्याच परवानग्या, वर क्रेन आणि बार्जचा खर्च.

तरीसुद्धा माझं मत असं की समुद्राचा पर्याय जास्त जोर लावून बघायला हवा होता. कारण पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२१ मध्ये, याच अंतराळ केंद्राच्या विंड टनेलचं (रॉकेटवर वारा सोडून चाचणी घ्यायच्या बोगद्याचं) अवजड सामान मुंबईहून जहाजाने कोल्लमच्या बंदरात उतरवून रस्त्याने तिरुवनंतपुरमजवळ थुंब्याला, केंद्राच्या आवाराकडे आणलं. तिथे दारात वेगळीच अडचण आली, स्थानिक लोकांनी गाडी अडवून दहा लाख रुपये मागितले. केरळात याला नोक्कुकूली म्हणतात, म्हणजे नुसतं उभं राहून बघण्याची मजुरी, माल मशीनने उतरला तरी. पोलीस आले, माल आत गेला. पण बघा, शेकडो किलोमीटर तारा उचलण्यापेक्षा तो त्रास कितीतरी लहान.

तुलनेला अजून एक लोड सांगतो, त्याच सुमाराचं. तमिळनाडूत तिरुवण्णामलै जिल्ह्यातून बेंगळुरूला महाविष्णूच्या मूर्तीची अखंड शिळा नेली, तीनशे टनाच्या वर, २४० चाकांचा ट्रेलर. डिसेंबर २०१८ ला निघाली, जून २०१९ ला पोचली. अंतर आपल्या ऑटोक्लेव्हच्या जेमतेम पाचवा हिस्सा. तिथे खरं वजन होतं, टायर फुटत होते, वाटेत दुकानं-घरांचे पुढचे भाग पाडावे लागले. लोक हळद-कुंकू घेऊन दर्शनाला येत होते, गाव आपणहून वाट करून देत होतं, आणि तरी सहा महिने गेले. ऑटोक्लेव्हला हार कोण घालणार, लोकांना तो रस्ता अडवणारा लोखंडी पिंप वाटतो. रॉकेटचे भाग त्यात तयार होणार हे त्या ३२ जणांनी किती गावांत किती वेळा समजावून सांगितलं असेल.

अशी डिलिव्हरी झाली की शेवटचं काम म्हणजे जॅक लावून लोड उचलायचं, ट्रेलर खालून काढून घ्यायचा आणि लोड स्लीपरच्या (जाड लाकडी ओंडक्यांच्या) थप्पीवरून हळूहळू फाउंडेशनवर उतरवायचं. मग ट्रेलरच्या एक्सल लाइन सुट्या करतात, साध्या ट्रेलरवर एकावर एक चढवून बांधतात, घोडा मोकळा होतो, आणि ज्या रस्त्याला वर्ष लागलं तोच रस्ता परत येताना चार-पाच दिवसांत संपतो. येताना वाटेत आपणच उचलून परत बांधलेल्या तारा दिसतात, प्रत्येक ओळखीची.